आधी दात, मग लाइट

आकाशवाणीच्या मंडळींनी मला आजवर बोलावलं ते कवितेवर बोलायला. कधी ईदच्या निमित्ताने, कधी मराठी भाषा दिनाच्या. या खेपेला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, दातांवर बोलतो. फोनवर जरा शांतता झाली. मग पलीकडचे गृहस्थ हसून म्हणाले, "दातांवर कविता केलीत की काय?" कविता नाही केली. पण गेली बारा-तेरा वर्षं आमच्या घरात एक जबडा दुखतो आहे, आणि त्यातलं निम्मं दुखणं टाळता आलं असतं हे मला उशिरा कळलं. मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस आहे. पण वाट बघण्याच्या बाकावर बसून आणि दंतवैद्यकाच्या एका प्राध्यापक बाईंचं डोकं खाऊन जे शिकलो, ते श्रोत्यांपुढे ठेवावं म्हणून आलो.

आमचं घर निपाणीकडचं. निपाणी म्हणजे तंबाखू. पावसाळा सरला तरी हवेला तोच वास, घोंगड्यांना तोच, भाकरीलाही तोच. माझे थोरले भाऊ, आमचे भाईजान, एका वखारीत हिशेबाला होते. चुना लावून मळलेली चिमूट डाव्या गालात सरकवायची आणि मग वही उघडायची, हा त्यांचा नेम. अम्मा मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा आणि डोकं दुखलं की आणखी एकदा. तिच्या लेखी ते व्यसन नव्हतंच, दात घासणं होतं. म्हणजे बघा, आमच्या घरात तंबाखू आली ती दातांची औषधी म्हणून. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. घरच्या तव्यावर कोण बंदी करणार?

तोंडाचा कॅन्सर आणि दातांचे डॉक्टर यांचं नातं आपल्या देशात फार जुनं आहे, आणि ते फारसं कुणाला माहीत नाही. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हटलं की आपल्याला अणू आठवतो, विश्वकिरण आठवतात. त्याच संस्थेत दंतसंशोधनाचाही एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी, सोबत डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग, या लोकांनी खेडोपाडी माणसांची तोंडं उघडून पाहिली. भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंगभूम आणि दरभंगा या पाच जिल्ह्यांतली ५०,९१५ माणसं. ती पाहणी १९६९ साली छापून आली. १९७२ साली आपल्या पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची आली. एक लाख तोंडं! दारोदार जाऊन, 'आ करा' म्हणून, उजेडात बघून. तोंडातले पांढरे चट्टे आणि कॅन्सर जवळजवळ सगळे तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांतच सापडतात, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. पुढे याच मंडळींनी ३६ हजार तंबाखूवाल्यांना वर्षानुवर्षं भेटून, समजावून पाहिलं, आणि समजावल्याने सवय सुटते, चट्टेही कमी होतात, हे १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगाला सांगितलं. आमच्या गावात मात्र असं कुणी आलं नाही. आलं असतं तर अम्माने डबी लपवली असती, तो भाग वेगळा.

भाईजानच्या जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली तेव्हा ती शेजारच्या तुटक्या दाढेने झाली असं सगळ्यांनी ठरवलं. त्यांनी दाढेची धार घासून घेतली. हळद लावली, तूप लावलं, जेष्ठमध चघळला. दोन महिने गेले. इथे पहिली गोष्ट सांगून ठेवतो. तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर कारण काहीही वाटो, ती दाखवायची. दात टोचून झालेली जखम दाताची धार गेली की भरते. भरली नाही तर ती दाताची नव्हे.

ती दाताची नव्हतीच. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. जिभेचा कडेचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, आणि मग लाइट घ्यायला सांगितलं. रेडिएशन हा शब्द आपल्याकडे कुणी वापरत नाही. कुणी लाइट म्हणतं, कुणी शेक म्हणतं. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, एकूण तीस वेळा. त्या डॉक्टरांनी भाईजानचा जीव वाचवला, हे आधी कबूल करतो. आज ते सत्तरीच्या उंबऱ्यावर आहेत आणि कॅन्सर परत आलेला नाही. माझी तक्रार आहे ती जीव वाचल्यानंतरची, आणि त्या तक्रारीत मी स्वतःही आरोपी आहे. त्याकडे येतोच.

लाइटने काय होतं ते आधी सांगतो. ते किरण भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात म्हणून तर त्यांचा उपयोग. पण तोंडाच्या आतली नाजूक त्वचाही तशीच आहे; ती आठवड्या-दोन आठवड्यांत नवी होत असते. तिचं नवं होणं थांबतं आणि जुनी झिजून जाते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलल्यासारखं होतं. भाईजानला पाणीसुद्धा तिखट लागायचं. हा त्रास भयंकर, पण तो सरतो. लाइट संपल्यावर काही आठवड्यांत नवी त्वचा येते. सरत नाही तो दुसरा त्रास, जो सुरुवातीला कुणाच्या लक्षातही येत नाही. लाळ आटते.

कानाच्या खाली, गालगुंड होतात तिथे, आपली सगळ्यांत मोठी लाळेची ग्रंथी असते. जबड्याखाली आणि जिभेखाली आणखी. धडधाकट माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. आपण थुंकी म्हणून तिला हिणवतो, पण तोंडाची सगळी राखण तीच करते. आपण खातो त्यातल्या साखरेवर जंतू जगतात, आम्ल तयार करतात, आम्ल दात विरघळवतं. लाळ ते आम्ल धुते, त्याचा जोर मोडते आणि विरघळलेल्या जागी कॅल्शियम नि फॉस्फेट पुन्हा भरते. दिवसातून कितीतरी वेळा दात किंचित झिजतो आणि किंचित भरतो. आपल्याला पत्ताही नसतो. लाइटच्या वाटेत आलेल्या ग्रंथी पहिल्या आठवड्यापासूनच मंदावतात. लाळ आधी घट्ट, तारेसारखी होते, मग नावापुरती उरते. मात्रा मोठी असेल तर ती पुरती परत येतच नाही.

"मूं में रेती भरी सरका लगता रे," भाईजान म्हणायचे. तोंडात वाळू भरल्यासारखं वाटतं. लाइटनंतरचा पहिला रमजान आला तेव्हा त्यांनी हट्टाने रोजा धरला. दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटली, शब्द निघेना. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, हे मशिदीतल्या मौलवींनी घरी येऊन समजावलं तेव्हा कुठे त्यांनी पाण्याचा घोट घेतला. तेव्हापासून बाटली त्यांच्या हातातच असते. रात्री उशाशीही.

आणि मग दात गेले. सांगतो ते नीट ऐका, कारण इथेच आम्ही फसलो. भाईजान म्हणजे पाच वेळा वजू करणारा, प्रत्येक वजूत तीन चुळा भरणारा, मिसवाकने दात घासणारा माणूस. तंबाखूही ऑपरेशननंतर सुटलेली. त्यांचे दात किडावेत कसे? पण वर्ष-दीड वर्षात किडले. तेही नेहमीसारखे वरून, दाढेच्या खळग्यात नव्हे. हिरडीजवळ, बुंध्याशी, उसाला खोडकीड लागावी तसे. खालचे पुढचे दात एरवी सगळ्यांत शेवटी किडतात, कारण जिभेखालच्या लाळेत ते सदा भिजलेले असतात. भाईजानचे तेही काळे पडले. एक दिवस नान तोडताना वरून धड दिसणारा दात बुंध्यातून मोडला. स्वच्छतेत काही कमी नव्हतं. राखण करणारी लाळच नव्हती.

मग ती दाढ ठणकायला लागली. डावी खालची, जखमेजवळची. आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. त्या दंतवैद्याने लाइट घेतलीय का असं विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. त्याने सफाईने दाढ काढली. रक्तही फार आलं नाही, आम्हाला बरं वाटलं. खड्डा मात्र भरेना. महिना झाला, तीन महिने झाले. खड्ड्यात पांढरट-पिवळं हाड दिसू लागलं. पुढे हनुवटीखाली बाहेरून भोक पडलं आणि पू वाहू लागला. पुन्हा कॅन्सर आला असं समजून भाभी रात्रभर जानमाजवर बसून होत्या. कॅन्सर नव्हता. हाड मेलं होतं.

याचा उलगडा मला दंतमहाविद्यालयातल्या त्या बाईंनी केला. त्यांचा विभाग मुखरोगनिदानाचा, ओरल मेडिसिनचा. म्हणजे दात भरणं-काढणं याच्या अलीकडचं आणि पलीकडचं शास्त्र: तोंडातल्या रोगांचं निदान, आणि दुसऱ्या मोठ्या आजारांत तोंडाचं काय करायचं ते. त्यांनी फायलीच्या पाठीमागे जबडा काढून दाखवला. वरच्या जबड्याला रक्त पुष्कळ वाटांनी मिळतं. खालचं हाड घट्ट, आणि त्याच्या रक्ताच्या वाटा मोजक्या. लाइटने हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, बुजतात. हाड जागेवर असतं, रोजचं काम करतं, पण जखम झाली तर ती भरून काढण्याची ताकद त्यात नसते. अमेरिकेतले शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ साली हे तीन कमतरतांनी मांडलं: रक्त कमी, पेशी कमी, प्राणवायू कमी. विहिरीचे झरे बुजले की साठलेलं पाणी काही दिवस दिसतं, उपसलं की पुन्हा भरत नाही, तसं. दाढ काढणं म्हणजे ते उपसणं झालं. आणि वेळ गेली म्हणून धोका टळत नाही. लाइट घेऊन दहा वर्षं झाली तरी हे हाड तसंच असतं.

यावरच्या संशोधनाची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात शास्त्राने स्वतःचीच चूक सुधारलेली दिसते. एक काळ असा होता की लाइट देण्याआधी रुग्णाचे सगळे दात सरसकट काढून टाकत. पुढे दुखायला नकोत, हाड उघडं पडायला नको. चांगले दातही जात. १९७०च्या दशकात अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर रुग्णालयातल्या ड्रायझेन आणि डेली प्रभृतींनी दाखवलं की दातांवर रोज काही मिनिटं फ्लोराइडची जेल धरली तर लाळ नसतानाही दात टिकतात. मग सगळे दात काढायचं कारणच उरलं नाही. दुसरी गोष्ट प्राणवायूची. हाडाला प्राणवायू कमी पडतो तर दाबाखालच्या बंद खोलीत रुग्णाला शुद्ध प्राणवायू द्यावा, ही कल्पना. १९८५ साली मार्क्स यांनी लाइट घेतलेल्यांचे दात काढताना ती तपासली. नुसतं पेनिसिलिन दिलेल्या ३७ जणांपैकी ११ जणांचं हाड मेलं, प्राणवायू दिलेल्या ३७ पैकी दोघांचंच. जगभर त्या खोल्यांची मागणी वाढली. पण २०१९ साली ब्रिटनमधली मोठी चाचणी छापून आली, तिच्यात प्राणवायू दिला काय आणि न दिला काय, दोन्हीकडे शंभरात साधारण सहाच जणांना हा त्रास झाला. म्हणजे प्रतिबंधासाठी सरसकट त्या महागड्या खोलीत बसवायचं कारण नाही. आम्हाला भाईजानच्या वेळी कुणीतरी त्या खोलीचा खर्च सांगितला होता आणि तो परवडत नाही म्हणून मी कित्येक रात्री जागलो होतो. निदान ते एक ओझं उतरलं.

लाइट देण्याची पद्धतही सुधारली. आता किरणांना आकार देऊन, लाळेच्या ग्रंथी शक्य तितक्या चुकवून लाइट देता येते. त्याला आयएमआरटी म्हणतात. २०११ साली ब्रिटनमधल्या चाचणीत, वर्षभरानंतर तोंड फार कोरडं राहण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर या पद्धतीत ३८ टक्के निघालं. निम्म्यावर आलं. शून्यावर नाही.

आता माझ्या आरोपाकडे येतो. हाडाचा उलगडा झाल्यावर मी घरी येऊन जुनी फाइल काढली. तीत ऑपरेशननंतरचा एक कागद होता, इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरातला. लाइटच्या तारखेखाली एक ओळ होती: रेडिएशनआधी दंतविभागात दाखवून घ्या, अशा अर्थाची. कागद माझ्याकडे होते, कारण घरातला शिकलेला मी. ती ओळ मी वाचली होती. मला चांगलं आठवतं, वाचली होती. दंतविभाग दुसऱ्या इमारतीत होता, तिथे रांग मोठी होती, लाइटची तारीख जवळ आलेली. मी मनाशी म्हणालो, इथे वाघ अंगावर आलाय आणि हे मुंगीचं काय सांगतात! दात नंतर बघू. कुणी पुन्हा विचारलं नाही. लाइटच्या खोलीबाहेरच्या मुलीने नाही, डॉक्टरांनी नाही. एक ओळ लिहिली म्हणजे सांगून झालं असं त्यांना वाटलं, आणि वाचली म्हणजे कळली असं मला वाटलं.

हे मी भाईजानना चार वर्षांनी सांगितलं. तोवर दोनदा मेलेलं हाड खरवडून काढलं होतं आणि तिसऱ्या वेळी जबड्याचा एक तुकडाच काढावा लागला होता. त्यांनी बाटलीतून घोट घेतला आणि म्हणाले, "तू पढ्या-लिख्या. तेरेकूच नै समज्या तो मेरेकू क्या समजता?" रागावले असते तर बरं झालं असतं.

तर ती ओळ मी आज उलगडून सांगतो. तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि लाइट द्यायची शक्यता असली, की त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जायचं. ऑपरेशनची वाट बघायची नाही. सगळ्या जबड्याचा एक्स-रे निघतो. जे दात वाचण्यासारखे आहेत ते भरायचे, साफ करायचे. खोल किडलेले, हलणारे, नुसते खुंट उरलेले, अर्धवट वर आलेली अक्कलदाढ, असे लाइटच्या वाटेतले दात आधीच काढायचे. काढल्यावर खड्डा भरायला निदान दहा ते चौदा दिवस हवेत, तीन आठवडे मिळाले तर उत्तम. पण इथे घड्याळ दोन्ही बाजूंनी चालतं. ऑपरेशननंतरची लाइट साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, दातांसाठी ती लांबवून चालत नाही. म्हणूनच दात आधी बघितलेले असले तर कॅन्सरच्या ऑपरेशनमध्येच, त्याच भुलीखाली, ते काढता येतात. रुग्णाला वेगळा त्रास नाही, दिवसही वाया जात नाहीत. भाईजानची ती दाढ अशीच निघाली असती. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

लाइट चालू असताना मऊ ब्रश. दारू असलेले बाजारी माउथवॉश नकोत, ते जळजळ वाढवतात. एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भरायच्या. बेन्झिडामाइन नावाची चूळ डॉक्टर देतात, हलक्या लेसरचा शेकही काही ठिकाणी मिळतो. या दोन्हींचा उपयोग तपासलेला आहे. जगातल्या तज्ज्ञांनी २०२०च्या सुमारास दिलेल्या शिफारशींत मधही आहे. आमच्या अम्माला ऐकून आनंद झाला असता. पण कोरड्या तोंडात गोड रेंगाळलं तर दात किडतात, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. नंतर जन्मभर फ्लोराइड, एकतर दातांच्या मापाच्या साच्यात जेल घालून, नाहीतर नेहमीच्या पाचपट फ्लोराइडची पेस्ट लिहून घेऊन. आणि कोणत्याही दंतवैद्याच्या खुर्चीत बसताना पहिलं वाक्य: मी लाइट घेतली आहे.

तोंड उघडण्याचं राहिलं. लाइटने चावण्याचे स्नायू आखडतात. आपली तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत, ती दोनवर येतात, मग एकावर. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आठवड्याला एखादी वाढवायची. खर्च शून्य. भाईजानच्या नातीने या कामासाठी किती कुल्फ्या खाल्ल्या याचा हिशेब वखारीच्या वहीतही मावणार नाही.

हे फक्त तोंडाच्या कॅन्सरचं नाही. कुठल्याही कॅन्सरची केमोथेरपी घेताना रक्तातल्या पेशी उतरतात, तेव्हा किडलेल्या दाढेचा साधा पू जिवावर बेतू शकतो आणि दात काढला तर रक्त थांबत नाही. म्हणून रक्त तपासून, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच दाताला हात लावायचा. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोहोचला, की हाडं बळकट राहावीत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडसारखी इंजेक्शनं देतात. ती कामाची आहेत. पण त्यांनीही जबड्याचं हाड मरू शकतं, हे २००३ साली याच मार्क्सनी लोकांपुढे आणलं. गंमत म्हणजे हे दुखणं जगाने आधी पाहिलेलं होतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या आगपेटीच्या कारखान्यांत पांढरा फॉस्फरस हाताळणाऱ्या बायामुलींचे जबडे असेच सडत. किडलेला दात काढला की खड्डा भरत नसे, हाड उघडं पडे. १९०६ साली बर्नला देशांनी करार करून पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी आणली आणि तो रोग पुस्तकात गेला. शंभर वर्षांनी, फॉस्फरसच्याच नात्यातल्या या औषधांबरोबर, तो दवाखान्यात परत आला. म्हणून त्या इंजेक्शनांआधीही तेच: दात दाखवून मग सुरुवात.

भारतात तोंडाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण वर्षाला एक लाख चाळीस हजारांहून अधिक असतात, असा २०२२चा जागतिक अंदाज आहे. यातल्या कितीतरी जणांच्या हातात माझ्यासारखाच एखादा बी.ए. झालेला भाऊ इंग्रजी कागद धरून उभा असेल.

एक कवी म्हणून थोडं विषयांतर करू द्या. माझी कविता पहिल्यांदा मोठ्याने वाचायचे ते भाईजान. वखारीतून आले की हात धुऊन कागद मागायचे. घरात दखनी बोलणारा तो माणूस मराठी असा वाचायचा की माझी मलाच ओळ चांगली वाटायची. जिभेची कड गेली तेव्हा त्यांचा 'ळ' गेला. दखनीचं 'ळ'वाचून काही अडत नाही, पण मराठीत आभाळ, डोळे, काळ, सगळी कविताच तिथे उभी. तरी ते वाचायचे. मग दात गेले, आणि 'त' गेला, 'स' गेला. शाळेत व्याकरणात आम्ही मूर्धन्य आणि दंत्य घोकले होते. मूर्धन्य ऑपरेशनने नेले, त्याला इलाज नव्हता. दंत्य मात्र राहिले असते. कवळी कोरड्या तोंडात बसत नाही, हिरडीला घासते. आणि जबड्याचा तुकडाच गेल्यावर ती बसवायची कशावर? आता ते कागद घेतात, मनात वाचतात आणि परत देतात.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांना घशाचा कॅन्सर निघाला. लाइटसाठी चेहऱ्याचा जाळीचा मुखवटा बनवायची तारीखही मिळाली. मी भेटायला गेलो आणि पहिलं विचारलं, "दात दाखवले?" त्यांच्या मुलाने फाइल पुढे केली. त्यात होती ती ओळ, या वेळी रबरी शिक्क्याने उमटवलेली, पण इंग्रजीतच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. चार दात काढावे लागले. लाइट दोन आठवडे पुढे गेली, म्हणून घरची मंडळी माझ्यावर नाराज आहेत. हा कवी मध्येच कुठून आला, असं त्यांच्या सुनेने माझ्या पत्नीला ऐकवलं. गेल्या सोमवारी लाइट सुरू झाली. काल संध्याकाळी मुलगा येऊन विचारून गेला, सोडा खायचाच ना, धुण्याचा नाही ना?